नवरात्रापासून विसकटलेली घडी बसतच नाहीये. तुम्ही पुन्हा सुरुवात कशी करता?

कडीपत्ता

नमस्कार मंडळी. राहते नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी एका पतसंस्थेत, वय पंचेचाळीसच्या पुढे.

नवरात्राआधी माझं बरं चाललं होतं. पहाटे साडेपाचला उठणं, थोडी आसनं, संध्याकाळी सुटल्यावर गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या, रात्रीचं जेवण आठच्या आत. मग कालिका देवीची यात्रा सुरू झाली आणि गर्दीमुळे मुंबई नाक्यावरून जाणंच नको वाटायला लागलं, म्हणून आधी ट्रॅक सुटला. पाठोपाठ दिवाळी, भाच्याचं लग्न, आणि लग्नाहून आल्या आल्या चिकुनगुनिया. ताप जाऊन बरेच दिवस झाले, पण सकाळी मनगटं आणि घोटे अजून आखडलेले असतात.

आता दर सोमवारी मी सगळं एकदम सुरू करते. मंगळवारी आसनं राहतात, म्हणून संध्याकाळी दुप्पट चालते. बुधवारी पाय दुखतात. गुरुवारी काहीच होत नाही. शुक्रवारी वाटतं, हा आठवडा तर गेलाच, आता पुढच्या सोमवारी बघू. घरात 'आरंभशूर' म्हणून बारसं झालंय माझं.

तर प्रश्न असा की सगळं एकदम धरायचं की एकेक? एकेक धरायचं तर आधी काय? "मनावर घे, सगळं होतं" हा सल्ला कृपया नको, तो नणंदेने देऊन झालाय.

मिसळ_मंडळ

रविवारपासून सुरू करा. ट्रॅकला एक फेरी, मग मिसळ. यातला दुसरा नेम आमचा आजवर कधीही मोडलेला नाही. 😀

सकाळची_शाळा

ताई, फक्त २१ दिवस सलग करा. बाविसाव्या दिवशी आपोआप जाग येईल. पण सलग हवेत हं, एक जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

पाढे_पंचावन्न

या २१ दिवसांनी लोकांचं फार नुकसान केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा आकडा आला मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून. नाक किंवा चेहरा बदलल्यावर रुग्णाला आरशातल्या नव्या माणसाची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यानं १९६० साली लिहिलं. पुढे सांगणाऱ्यांनी 'किमान' गाळलं, नाकही गाळलं, आणि उरलेला आकडा पहाटे उठण्यापासून साखर सोडण्यापर्यंत सगळ्याला चिकटवला.

प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी आपापल्या पसंतीची एक-एक गोष्ट रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची होती, म्हणजे नाश्त्यानंतर, जेवणाआधी वगैरे. ती अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा, पण कुणाला १८ लागले तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला.

आणि ताईंच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात म्हणावा असा अडथळा आलेला दिसला नाही. त्यामुळे सकाळच्या शाळेचा 'पुन्हा पहिल्यापासून' हा नियम कुणी केला मला माहीत नाही, पण मोजणाऱ्यांनी तरी केलेला नाही.

सोमवारची ओढ मात्र खरी आहे. दाई, मिल्कमन आणि रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला जिममधली हजेरी वाढते, वाढदिवसानंतरही वाढते. जुनं खातं बंद करून नवं उघडल्यासारखं वाटतं माणसाला. अडचण एवढीच की गुरुवारी ते वाटणं उरत नाही, आणि ताईंचा सगळा कारभार त्याच वाटण्यावर उभा दिसतोय.

सकाळची_शाळा

मला तरी २१ दिवसांचा फायदा झाला होता. असो.

हाडं_स्नायू

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पंचवटीत प्रॅक्टिस. कडीपत्ताताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेत. दिवाळीचा खंड वेगळा आणि चिकुनगुनियाचा वेगळा.

चिकुनगुनियात ताप आठवड्याभरात जातो, सांधे मात्र काही आठवडे आणि काहींचे कित्येक महिने धरलेले राहतात. सकाळी जास्त आखडतात, हालचाल सुरू झाली की सैल होतात. म्हणजे तुमच्या नेमातली सगळ्यात अवघड गोष्ट तुम्ही दिवसाच्या सगळ्यात वाईट वेळी करताय. पहाटे साडेपाचला, नाशिकच्या डिसेंबरात, आखडलेल्या मनगटांवर भार देऊन आसनं! ती तूर्त संध्याकाळी न्या, किंवा सकाळी फक्त कोमट पाण्यात हात-पाय बुडवून बोटं, मनगटं, घोटे हळूहळू फिरवा. सांध्याला सूज असेल, तो गरम लागत असेल, किंवा कुरबुर कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडच्या गोळ्या आणून खाणारे पेशंट माझ्याकडे येतात. तसं करू नका.

आता साध्या खंडाविषयी. चालणं-पळणं थांबलं की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, कमी होतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, म्हणून तेवढ्याच वेगाला जास्त ठोके पडतात. पहिल्या दिवशी दम लागतो तो यामुळे, "वय झालं" म्हणून नव्हे. १९८४ मध्ये एडवर्ड कॉइल यांनी कसलेल्या खेळाडूंना सराव बंद करायला लावून मोजलं होतं. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के घटली, आठ आठवड्यांत १६ टक्के, आणि मग तिथेच थांबली. म्हणजे सगळं धुऊन जात नाही.

परत येतानाचा घोळ निराळा आहे. दम लवकर परत येतो, स्नायूही बऱ्यापैकी लवकर. पण स्नायू हाडाला बांधून ठेवणारे कंडरे सावकाश सुधारतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणसाला वाटतं, आता जमतंय, आणि तो वेग वाढवतो. माझ्याकडे टाचदुखी आणि पोटरीवाले येतात ते बहुतेक याच सुमारास, जानेवारीच्या मध्यावर तर रांग असते. म्हणून पूर्वी जेवढा वेळ चालायचात त्याच्या निम्म्यापासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं-थोडं वाढवा. चालताना बोलता यायला हवं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ते पोहोचायचं ठिकाण आहे, पहिल्याच आठवड्यात गाठायचं नाही.

आणि सकाळचं राहिलं म्हणून संध्याकाळी दुप्पट, हे आधी बंद करा. पतसंस्थेत थकलेला हप्ता व्याजासकट भरावा लागतो. शरीराकडे तसली थकबाकी निघत नाही.

(छातीत दुखणं, धडधड, चक्कर यातलं काही असेल तर ट्रॅकवर नाही, थेट डॉक्टरांकडे.)

कडीपत्ता

थकबाकीचं आमच्या वसुली विभागाला सांगू नका. 😄

पण खरंच, सकाळची वेळच चुकीची असू शकते हे डोक्यातच आलं नव्हतं. आधी पहाटेच जमायचं, म्हणून आताही पहाटेच, असंच धरून बसले होते.

सुभेदार_नि

नाशिकरोडला आर्टिलरी सेंटरमध्ये बरीच वर्षं काढली. एवढी चर्चा कशाला? पाच म्हणजे पाच. थंडी असो, पाऊस असो. शरीराला विचारत बसलं की ते नाहीच म्हणणार.

तिसरी_पाळी

साहेब, अंबडला या एकदा. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. नाईटला पाच वाजता मी मशीनवर असतो. पाच म्हणजे पाच कुठल्या आठवड्यातले धरू?

मी सांगतो काय केलं. घड्याळाला बांधायचं सोडून दिलं. अंघोळीला बांधलं. पाळी कुठलीही असो, कामावरून आलो की अंघोळ होतेच, तर अंघोळीआधी दंड-बैठका. कधी सकाळी आठला, कधी दुपारी चारला, कधी रात्री साडेबाराला. बायको म्हणते रात्री साडेबाराला जोर काढणारा माणूस अख्ख्या कॉलनीत एकटाच असेल. असू दे.

झोपेचं एक कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं उपयोगी पडलं. पाळी बदलली तरी चोवीस तासांतले निदान चार तास असे शोधायचे की त्या वेळी मी प्रत्येक आठवड्यात झोपलेलोच असेन. बाकीची झोप पुढे-मागे सरकली तरी चालते. आमच्या पाळ्यांत सगळे आठवडे तसं बसत नाही, पण बसतं तेव्हा पाळी बदलतानाचा सोमवार बराच सुसह्य जातो.

खर्ज

गाणं शिकते. मोठ्या आजारपणानंतर परत गेले तेव्हा गुरुजींनी पहिले कितीतरी दिवस फक्त खर्जाचा रियाज दिला, तोही आधीच्या निम्मा वेळ. ताना मागितल्या तरी देईनात. तेव्हा राग आला होता. वरच्या फिजिओंचं वाचून आता कळतंय.

छाटणी_ते_तोडणी

निफाडकडचा द्राक्षवाला. आमचं जरा वेगळं असतं, पण ताईंना उपयोग होईल म्हणून लिहितो.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की माणूस बागेचा होतो. पेस्ट लावा, फूट निघाली की पावसाकडं बघत बसा, ढग आले की डावणी रोगाची भीती, रात्री-अपरात्री ट्रॅक्टरला ब्लोअर लावून फवारणी. मग विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), मजुरांच्या मागं पळापळ. तोडणी उरकून पैसे हातात येईस्तोवर मार्च. एप्रिलात लगेच खरड छाटणी. या सगळ्यात 'रोज सकाळी योगा' म्हणणाऱ्याला मी हात जोडतो.

पहिल्यांदा मी पण हेच करायचो. मे महिन्यात झकास वेळापत्रक बसवायचो, ऑक्टोबरात मोडायचं, मार्चपर्यंत स्वतःलाच शिव्या. मग डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली आणि पाठीचे व्यायाम सांगितले, तेव्हा बसून दोन वेळापत्रकं केली. एक मोकळ्या दिवसांचं, एक बागेच्या दिवसांचं. बागेच्या दिवसांत फक्त तीन गोष्टी: गोळी, झोपताना दहा मिनिटं पाठ, आणि रात्रीचं जेवण बागेत नाही, घरी. बाकी सगळं रीतसर बंद. खंड पडला असं वाटतच नाही, कारण तो ठरवलेला असतो.

ताई, तुमचं नवरात्र ते लग्नसराई दरवर्षी येणारच आहे. त्याचं वेगळं वेळापत्रक नवरात्राच्या आधीच करून ठेवा.

मिसळ_मंडळ

दादा, शेतात दिवसभर राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?

छाटणी_ते_तोडणी

ब्लोअरवर बसून पाठ मोडते भाऊ, व्यायाम होत नाही. या एकदा डिपिंगला.

हाडं_स्नायू

दुजोरा. पाठदुखीवाले शेतकरी पेशंट माझ्याकडे भरपूर.

दिंडी_क्रमांक_नाही

थोडं उशिरा लिहितोय. मी निवृत्त शिक्षक. निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला पायी जातो.

वारीत पहाटे तीन-साडेतीनला उठतो. टँकरचं गार पाणी, अंघोळ, काकडा, चालणं, दुपारची विश्रांती, पुन्हा चालणं, मुक्कामी हरिपाठ, कीर्तन, झोप. गजर कधी लावलेला नाही. आषाढी करून घरी येतो आणि आठवड्याभरात सकाळचे सात वाजायला लागतात. माणूस तोच, वय तेच, उलट चालून पाय तयार झालेले. मग तिकडे जे होतं ते इकडे का होत नाही, हे कोडं मला कित्येक वर्षं होतं. भक्ती कमी पडते, असं मनाला लावून घ्यायचो.

मग एका वर्षी नीट लक्ष देऊन बघितलं की मला उठवतं कोण. शेजारी झोपलेला माणूस वळकटी बांधतो, त्या आवाजानं जाग येते. तंबूबाहेर कुणीतरी बादली आपटतं. चहाचं पातेलं चढलेलं असतं. पडून राहायचं म्हटलं तरी जागा नसते, तंबू उतरवायला पोरं डोक्याशी उभी! म्हणजे उठायचं की नाही असा प्रश्न मला तिथे पडतच नाही. घरी आल्यावर तो रोज पहाटे पडतो, आणि गोधडीत पडल्या पडल्या उत्तर देणारा मीच. सुभेदारसाहेबांची क्षमा मागून म्हणतो, तुम्हालाही पाच वाजता बिगुलाने उठवलं, एकट्याच्या निश्चयाने नव्हे.

आता आम्ही गल्लीतले तिघे जण सहाला मारुतीच्या देवळात हरिपाठाला बसतो. देवळाची किल्ली माझ्याकडे. मी नाही गेलो तर दोघं थंडीत पायरीवर उभे राहतात. एवढं पुरतं.

पाढे_पंचावन्न

सर, तुम्ही बघितलंत तेच अमेरिकेत मोजलेलं आहे. वेंडी वुड, लिओना टॅम आणि मेलिसा विट यांनी २००५ साली विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सवयी बदलीच्या आधी आणि नंतर पाहिल्या. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही बघणं. जिथे आजूबाजूची परिस्थिती नव्या ठिकाणीही तशीच राहिली, म्हणजे तीच सोबत, तशीच जागा, तिथे सवय टिकली. जिथे ती बदलली तिथे सवय सुटली आणि माणूस पुन्हा 'आज वाटतंय का' यावर आला.

ताईंची पहिली पोस्ट पुन्हा वाचा. आसनं मनातून उतरली म्हणून सुरुवात बिघडली नव्हती. मुंबई नाक्याचा रस्ता गर्दीनं बंद झाला आणि ट्रॅक सुटला. यात्रा संपून महिने झाले, रस्ता मोकळा आहे, पण तोवर ऑफिसमधून सरळ घरी यायची सवय लागली. तीही सवयच.

सुभेदार_नि

बिगुलाचं मास्तरांचं बरोबर आहे. रिटायर झाल्यावर काही महिने पाचला उठलो. मग साडेपाच, मग सहा. फॉल-इन म्हणणारं कुणी नसलं की होतं तसं. आता कुत्रा पाळलाय. तो पाचला उठवतो, रजा देत नाही.

खर्ज

सुभेदारकाका, कुत्र्याचा फोटो टाका. धागा कुठेही जाऊ दे.

कडीपत्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून मी वही घेऊन बसले आणि बरंच खोडलं. उरलं ते लिहिते, कुणाला चूक दिसली तर सांगा.

पहाटेची आसनं संक्रांतीपर्यंत बंद. सकाळी फक्त कोमट पाणी आणि सांधे फिरवणं, तेही चहाचं आधण ठेवल्यावर, कारण चहा काही माझ्याकडून चुकत नाही (तिसऱ्या पाळीची अंघोळ इथे उपयोगी पडली). रात्रीचं जेवण आठला हा नियम सध्या सोडून दिलाय. मुलगा क्लासहून साडेआठला येतो आणि त्याच्याआधी एकटीनं जेवायचं म्हटलं की घरात रोज वाद. त्यापेक्षा त्याच्याबरोबर जेवेन.

धरायचं फक्त चालणं. पतसंस्थेतून घरी न जाता परस्पर ट्रॅकवर. बूट ऑफिसच्या कपाटात. पूर्वीच्या निम्मा वेळ. चुकलं तर दुसऱ्या दिवशी तेवढंच, दुप्पट नाही.

राहिला प्रश्न किल्लीचा. आमच्या काउंटरवरची एक मैत्रीण तयार आहे, पण ती आठवड्यातून तीनच दिवस येईल.

हाडं_स्नायू

तीन दिवस उत्तम. सुरुवातीला रोज चालूही नका, मधल्या दिवसांत घोट्यांना आराम मिळू दे. उरलेल्या दिवशी वाटलं तर घराजवळ दहा मिनिटं. ऑफिसच्या कपाटातले बूट जुने असतील तर तळवा दाबून बघा, झिजून सपाट झाला असेल तर आधी ते बदला.

दिंडी_क्रमांक_नाही

मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा की ती आली नाही तरी तुम्ही जाणारच. आमच्यातला एकजण मुलाकडे पुण्याला गेला की दुसराही गळतो, हा अनुभव आहे. म्हणून दोनपेक्षा तिघं बरे.

सकाळची_शाळा

मी कॉलेज रोडला राहते, एरवी कृषीनगरच्या ट्रॅकला जाते. पण मंगळवार-शुक्रवार मुलीचा क्लास त्र्यंबक नाक्याजवळ असतो, त्या वेळात मी गाडीत बसून मोबाईल बघत असते. चालेल का मी आले तर? दिवस मोजणार नाही, शब्द देते. 🙂

कडीपत्ता

चालेल काय, धावेल! सव्वासहाला त्र्यंबक रोडच्या बाजूच्या गेटला. मैत्रीण सोमवार, बुधवार, शुक्रवार येते, म्हणजे शुक्रवारी आपण तिघी. मंगळवारचं आधी घोट्यांना विचारून कळवते. अंधार लवकर पडतो, फिकट रंगाचं काहीतरी घालून या.

मिसळ_मंडळ

आणि रविवार मोकळाच ठेवलात की ताई. मी म्हणतच होतो.